पुन्हा तीच बांधणी, पण क्षणात : ‘कंपायलर कॅश’ची ओळख

रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी हे गाव आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे वीजगृह येथे डोंगराच्या पोटात कोरलेले असून १९६२ साली तेथे वीजनिर्मितीला प्रारंभ झाला. घाटमाथ्यावरील शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून उतरून पोफळीची जनित्रे फिरवते आणि ‘अवजल’ म्हणून बाहेर पडते. हे अवजल लगेच वाशिष्ठीत सोडून दिले जात नाही. कोळकेवाडी धरणात ते अडवले जाते आणि तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहात त्याच पाण्यापासून दुसऱ्यांदा वीज निर्माण केली जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट ही मर्यादा घालून दिली. मोजूनमापून मिळणारे, एवढ्या खटाटोपाने सह्याद्रीच्या अलीकडे आणलेले पाणी एकदाच वापरून सोडून द्यावे, हे शहाणपणाचे नव्हते.

केलेल्या कष्टाचे फळ एकदाच वापरून फेकून देऊ नये, हा विचार संगणकाच्या क्षेत्रातही फार महत्त्वाचा ठरला आहे. तेथे पाण्याची जागा संगणकाच्या प्रक्रियाशक्तीने आणि माणसाच्या वेळेने घेतलेली असते. मोठी संगणकप्रणाली तयार करणाऱ्या अभियंत्याचा दिवस अनेकदा ‘बांधणी’ पुरी होण्याची वाट पाहण्यात जातो. सकाळी झालेलेच काम संगणक दुपारी पुन्हा करतो, सायंकाळी पुन्हा करतो, आणि शेजारच्या मेजावरील संगणकही स्वतंत्रपणे तेच करत असतो. ही पुनरुक्ती टाळण्याच्या तंत्राला ‘कंपायलर कॅश’ असे म्हणतात. हे तंत्र कसे चालते, त्याने काय साधते आणि त्यावर विश्वास कोठवर ठेवावा, याचा हा परिचय.

आज्ञावलीपासून यंत्रभाषेपर्यंत

माणसाने लिहिलेली आज्ञावली संगणकाला जशीच्या तशी कळत नाही. सी, सी प्लस प्लस यांसारख्या भाषांत लिहिलेल्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या प्रणालीला ‘कंपायलर’ म्हणतात. ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली या दिशेने पहिले पाऊल टाकले आणि जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीत तयार झालेला ‘फोरट्रान’चा कंपायलर १९५७ साली उपलब्ध झाला. यंत्रभाषेत हाताने आज्ञा लिहिण्याचे कष्ट त्यामुळे संपले. मात्र त्या बदल्यात रूपांतराचा वेळ मोजावा लागू लागला.

सी भाषेतील एका फाइलचे रूपांतर साधारणपणे चार टप्प्यांत होते. पहिला टप्पा पूर्वप्रक्रियेचा. मूळ फाइलमध्ये ‘अमुक हेडर फाइल येथे जोडा’ अशा सूचना असतात, त्यांच्या जागी त्या फाइलींचा संपूर्ण मजकूर आणून बसवला जातो. दोनशे ओळींची फाइल या टप्प्यानंतर हजारो ओळींची होणे अगदी नित्याचे आहे. दुसरा टप्पा प्रत्यक्ष कंपायलरचा. मजकुराचे व्याकरण तपासणे, अर्थ लावणे आणि परिणामी आज्ञा शक्य तितक्या वेगवान करणे ही कामे येथे होतात आणि सर्वाधिक वेळ याच टप्प्यात खर्च होतो. तिसऱ्या टप्प्यात त्याची यंत्रभाषेतील ‘ऑब्जेक्ट फाइल’ बनते. चौथ्या टप्प्यात अशा अनेक ऑब्जेक्ट फाइली एकमेकींना जोडून चालू शकणारी प्रणाली सिद्ध होते. या शेवटच्या टप्प्याला ‘लिंकिंग’ असे नाव आहे.

फाइली दहावीस असतील तर हे सारे पापणी लवते तोवर उरकते. परंतु लिनक्सच्या गाभ्यासारख्या प्रकल्पात दोन कोटींहून अधिक ओळी आहेत. न्याहाळक, कार्यालयीन संच, भ्रमणध्वनीची संपूर्ण प्रणाली यांचा विस्तारही असाच अवाढव्य आहे. साध्या घरगुती संगणकावर अशी बांधणी काही तास चालू शकते.

‘मेक’ची घड्याळी तपासणी

बदल झाला असेल तेवढ्याच फाइलींचे रूपांतर करावे, हा पहिला उपाय जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ नावाची प्रणाली लिहिली. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे, याची यादी ‘मेक’ला दिलेली असते. मूळ फाइलची वेळ ऑब्जेक्ट फाइलच्या वेळेपेक्षा अलीकडची असेल तर ‘मेक’ तिचे पुन्हा रूपांतर करते, एरवी तिला हात लावत नाही. या कामगिरीबद्दल फेल्डमन यांना संगणकशास्त्राच्या एसीएम या संस्थेचा २००३ सालचा प्रणाली-पुरस्कार मिळाला. आजही असंख्य प्रकल्प याच पद्धतीवर चालतात.

तथापि ‘मेक’ घड्याळाकडे पाहते, मजकुराकडे नाही. एखाद्या फाइलमध्ये एक अक्षर टाकून ते पुन्हा खोडले, तर मजकूर पूर्ववत होतो, परंतु फाइलची वेळ मात्र नवी होते, आणि ‘मेक’ ते काम पुन्हा करायला लावते. प्रकल्पाच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाऊन परत आले की शेकडो फाइलींच्या वेळा बदलतात. सर्व ऑब्जेक्ट फाइली पुसून नव्याने बांधणी करण्याची आज्ञा दिली, तर मागचे काहीच उरत नाही. आणि शेजारच्या संगणकावर तीच फाइल पाच मिनिटांपूर्वी रूपांतरित झाली आहे, हे तर ‘मेक’ला कळण्याचा मार्गच नसतो.

येथे कंपायलर कॅशचा प्रवेश होतो. ‘ही फाइल केव्हा बदलली?’ हा प्रश्न ती विचारत नाही. ‘अगदी हेच काम पूर्वी कधी झाले आहे काय?’ असे ती विचारते.

साठवलेली उत्तरे आणि कोकणातील एक जुना दाखला

‘कॅश’ हा शब्द लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. पैशाच्या रोकडीशी त्याचा संबंध नाही. मुख्य स्मृतीपेक्षा लहान पण अधिक चपळ असा साठा प्रक्रियकाजवळ ठेवावा, ही कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली. एखाद्या गणिती प्रक्रियेची उत्तरे टिपून ठेवून पुन्हा तोच प्रश्न आल्यास टिपणातून उत्तर द्यावे, हे तत्त्व डोनाल्ड मिची यांनी १९६८ साली संगणकाच्या संदर्भात मांडले.

परंतु संगणकाच्या आधीही ही युक्ती माणसाला ठाऊक होती, आणि तिचा एक उत्तम दाखला कोकणातच सापडतो. समुद्रकाठच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ग्रहांची स्थाने काढण्यासाठी लागणारे ज्यांचे किचकट गणित टाळून, अकरा अकरा वर्षांची चक्रे कल्पून, त्यांनी आकडेमोड अतिशय हलकी केली. त्यानंतर पाच वर्षांनी सिद्ध झालेल्या त्यांच्या ‘तिथिचिंतामणि’त तिथी काढण्यासाठी तयार कोष्टकेच दिलेली आहेत. मूळ कष्टाचे गणित एकदा करून ठेवायचे आणि पुढे शेकडो पंचांगकर्त्यांनी केवळ कोष्टक पाहून उत्तर उतरवून घ्यायचे, ही कॅशचीच रीत म्हणावी लागेल.

या दाखल्याची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. शतके लोटली तशी जुन्या मानांवर आधारलेली स्थाने आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडू लागले. कोष्टक पाहणाऱ्याकडून चूक होत नव्हती. ज्या मानांवर कोष्टक उभे होते ती मानेच सुधारण्याची गरज निर्माण झाली होती. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर आदी विद्वानांनी नव्या वेधांना धरून गणिते आणि कोष्टके सिद्ध केली आणि महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा मोठा वाद झडला. साठवलेले उत्तर जलद मिळते. पण ते ज्या गृहीतांवर उभे आहे ती गृहीते बदलली आहेत का, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. कंपायलर कॅशची सारी रचना या एका तपासणीभोवती गुंफलेली आहे.

‘सीसीकॅश’चे अंतरंग

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध प्रणाली म्हणजे ‘सीसीकॅश’. ‘सांबा’ आणि ‘आरसिंक’ या प्रणालींचे जनक, ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी ती २००२ साली लिहिली. त्याआधी एरिक थीले यांनी ‘कंपायलरकॅश’ नावाची छोटी प्रणाली तयार केली होती; तीच कल्पना ट्रिजेल यांनी अधिक वेगवान स्वरूपात सी भाषेत उतरवली. २०१० पासून योएल रोस्डाल हे तिची देखभाल करत आहेत. ही प्रणाली मुक्त स्वरूपाची असून ती कोणालाही विनामूल्य वापरता येते.

सीसीकॅश स्वतः रूपांतर करत नाही. ती कंपायलरच्या दारात उभी राहते. ‘या फाइलचे रूपांतर कर’ ही आज्ञा प्रथम तिच्याकडे येते. त्या आज्ञेचे उत्तर ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्या सर्व ती गोळा करते : पूर्वप्रक्रियेनंतरचा संपूर्ण मजकूर, कंपायलरला दिलेले पर्याय आणि कंपायलरची स्वतःची ओळख. या सर्वांपासून ती एक ‘हॅश’ काढते. हॅश म्हणजे मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा. मजकूर कितीही मोठा असला तरी ठसा ठरावीक लांबीचाच असतो, आणि मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो. पूर्वी यासाठी ‘एमडी-४’ ही पद्धत वापरली जाई. २०२० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ‘ब्लेक-३’ ही अधिक सुरक्षित व वेगवान पद्धत स्वीकारण्यात आली. दोन भिन्न मजकुरांचा ठसा योगायोगाने एकच निघण्याची शक्यता इतकी क्षुल्लक आहे, की व्यवहारात तिची चिंता करण्याचे कारण नाही.

ठसा हाती आला की साठ्यात शोध घेतला जातो. त्या ठशाची नोंद सापडली तर साठवलेली ऑब्जेक्ट फाइल तत्काळ जागेवर ठेवली जाते. पूर्वी रूपांतराच्या वेळी कंपायलरने काही इशारे दिले असतील तर तेही पडद्यावर जसेच्या तसे पुन्हा दाखवले जातात. याला ‘हिट’ म्हणतात. नोंद नसेल तर खऱ्या कंपायलरला पाचारण केले जाते आणि त्याचे उत्तर पुढील वेळेसाठी साठ्यात ठेवले जाते. हा ‘मिस’.

या रीतीत एक उणीव होती. हिट झाला तरी पूर्वप्रक्रियेचा टप्पा प्रत्येक वेळी चालवावा लागे. २०१० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘डायरेक्ट मोड’ आला आणि ही उणीव दूर झाली. या पद्धतीत मूळ फाइलचा ठसा काढला जातो आणि पूर्वी तिच्यात कोणकोणत्या हेडर फाइली आल्या होत्या व त्यांचे ठसे काय होते, याची सूची पाहिली जाते. त्या सर्व फाइली आजही तशाच असतील, तर पूर्वप्रक्रिया न करताच उत्तर देता येते.

वेळ किती वाचतो, याचा अंदाज एका कल्पित उदाहरणावरून घेता येईल. समजा, प्रकल्पात १,००० फाइली आहेत, प्रत्येकीच्या रूपांतरास २ सेकंद लागतात आणि कामे एकामागून एक चालतात. संपूर्ण बांधणीला २,००० सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. आता यांपैकी ९५० फाइली साठ्यात सापडल्या आणि प्रत्येक हिटला सेकंदाचा विसावा भाग लागला, तर त्यांचे काम ४८ सेकंदांच्या आत उरकेल. उरलेल्या ५० फाइलींना १०० सेकंद लागतील. एकूण वेळ अडीच मिनिटांच्या आत येईल. यातील आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षातील लाभ फाइलींच्या स्वरूपावर आणि हिटच्या प्रमाणावर ठरतो. पहिल्या बांधणीला मात्र साठा रिकामा असतो. ठसे काढण्याचे आणि उत्तरे साठवण्याचे काम अंगावर पडल्याने ती नेहमीपेक्षा किंचित सावकाशच होते.

चुकीच्या उत्तराचे भय

वेळ वाचवण्याच्या नादात चुकीचे उत्तर मिळाले, तर साराच खटाटोप वाया जातो. आज्ञावलीतील दोष शोधणारा अभियंता दुरुस्ती करतो, बांधणी करतो, आणि साठ्यातून जुनीच ऑब्जेक्ट फाइल येते, अशी कल्पना करा. दुरुस्ती योग्य असूनही दोष कायम दिसेल, आणि तो नसलेल्या ठिकाणी दोष शोधत राहील. बँकेच्या किंवा रुग्णालयातील उपकरणाच्या प्रणालीत असे घडले तर परिणाम वेळेपुरते राहणार नाहीत. म्हणूनच शंका आल्यास साठ्याकडे न वळता खऱ्या कंपायलरकडे जावे, हा सीसीकॅशचा मूलभूत दंडक आहे. अकारण झालेल्या मिसमुळे थोडा वेळ जातो. चुकीच्या हिटमुळे विश्वास जातो.

या दंडकाची कसोटी पाहणारे काही प्रसंग नेहमी उद्भवतात. पहिला, कंपायलर बदलण्याचा. नवी आवृत्ती बसवल्यावर जुनी उत्तरे निरुपयोगी होतात. सीसीकॅश सामान्यतः कंपायलरच्या फाइलची वेळ आणि आकार पाहून हा बदल ओळखते. एवढ्याने समाधान नसेल तर कंपायलरच्या संपूर्ण मजकुराचा ठसा घेण्यास तिला सांगता येते.

दुसरा प्रसंग दिनांक आणि वेळेचा. बांधणी केव्हा झाली हे प्रणालीतच छापण्यासाठी सी भाषेत खास खुणा आहेत. अशा फाइलचा मजकूर तोच असला तरी तिचे उत्तर क्षणोक्षणी बदलते. सीसीकॅश या खुणा ओळखून अधिक सावध वागते, आणि त्यामुळे हिटचे प्रमाण घटते. एका सर्वत्र जोडल्या जाणाऱ्या हेडरमध्ये वेळेची खूण घातली, तर साऱ्या प्रकल्पाची कॅश जवळपास निकामी होते. दिनांक हवाच असेल तर तो एका स्वतंत्र छोट्या फाइलमध्ये ठेवावा, हे उत्तम.

तिसरा प्रसंग मार्गांचा. दोष शोधण्यास साह्य करणारी माहिती ऑब्जेक्ट फाइलमध्ये भरताना कंपायलर तीत फोल्डरचा पूर्ण मार्गही लिहितो. त्यामुळे एकच प्रकल्प दोन वेगवेगळ्या फोल्डरांत असला तर मजकूर समान असूनही हिट होत नाही. प्रकल्पाचा मूळ फोल्डर कोणता हे सीसीकॅशला कळवून मार्ग सापेक्ष करून घेता येतात.

चौथा प्रसंग सूक्ष्म आहे. डायरेक्ट मोडमध्ये पूर्वी वापरलेल्या हेडर फाइली तपासल्या जातात. परंतु त्याच नावाची नवी हेडर फाइल शोधाच्या क्रमात आधी येणाऱ्या फोल्डरमध्ये कोणी आणून ठेवली, तर खरा कंपायलर ती उचलेल आणि कॅश मात्र जुन्या सूचीवर विसंबेल. असा प्रसंग विरळा असला तरी सीसीकॅशच्या माहितीपुस्तिकेत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांना हा धोका नको, त्यांना डायरेक्ट मोड बंद ठेवता येतो.

पुनरुक्ती हाच हेतू असतो तेव्हा

तेच काम पुन्हा करणे नेहमीच व्यर्थ असते असे नाही. याचा चांगला दाखला ‘जीसीसी’ या विख्यात मुक्त कंपायलरच्या बांधणीत मिळतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जगापुढे आणलेल्या या कंपायलरशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ उभे राहिले आणि या कंपायलरचे अंतरंग विद्यार्थ्यांना व अध्यापकांना उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा तेथे भरवण्यात आल्या. प्रा. खेडकर, प्रा. अमिताभ संन्याल आणि बागेश्री करकरे यांचा कंपायलरमधील विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला आहे.

जीसीसीची पूर्ण बांधणी तीन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत संगणकावर आधीपासून असलेला कंपायलर नव्या जीसीसीचे रूपांतर करतो. दुसऱ्या फेरीत हा नवा जीसीसी स्वतःच्याच मूळ आज्ञावलीचे रूपांतर करतो. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फेरीतून निघालेला जीसीसी पुन्हा तेच करतो. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतील ऑब्जेक्ट फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. त्या जुळल्या नाहीत तर कंपायलरमध्ये कोठेतरी दोष आहे, हे उघड होते. येथे तिसरी फेरी ही पुनरुक्ती नसून परीक्षा आहे. तिला साठ्यातील उत्तर पुरवणे म्हणजे विद्यार्थ्याला आदल्या वर्षीची उत्तरपत्रिका देण्यासारखे होय. कंपायलर बनवणाऱ्याच्या संगणकावर कंपायलर तर तासातासाला बदलत असतो. म्हणून ‘कंपायलरची ओळख’ ही ठशातील बाब तेथे सर्वांत महत्त्वाची ठरते.

याच विचाराने लोकांच्या हाती जाणारी अंतिम आवृत्ती अनेक ठिकाणी कॅश न वापरता, कोऱ्या संगणकावर बांधली जाते. ‘डेबियन’ समूहात २०१३ पासून जोर धरलेल्या ‘पुनरुत्पादक बांधणी’च्या चळवळीचा आग्रहही असाच आहे. एकाच मूळ आज्ञावलीपासून दोन परक्या संगणकांवर अक्षरशः एकसारखी प्रणाली निघाली पाहिजे, म्हणजे मधे कोणी काही मिसळले नाही, याची खात्री पटते. या दोन्ही विचारांना एकच शिस्त लागते. उत्तर कशाकशावर अवलंबून आहे, याची पूर्ण यादी दोहोंना हवी असते, आणि दिनांक व मार्ग यांसारखी अकारण घुसणारी माहिती दोहोंनाही नको असते.

अनेकांचा एक साठा

एकाचे कष्ट दुसऱ्याच्या उपयोगी पडले तर लाभ अनेकपट होतो. मार्टिन पूल यांची २००२ सालची ‘डिस्टसीसी’ ही प्रणाली रूपांतराची कामे जाळ्यातील इतर संगणकांवर वाटून देते. ती काम वाटते, तर कॅश काम टाळते. दोन्ही एकत्रही वापरता येतात. फायरफॉक्स न्याहाळक बनवणाऱ्या मोझिला संस्थेने ‘एससीकॅश’ ही प्रणाली तयार केली. तिचा साठा दूरच्या सर्व्हरवर ठेवता येतो आणि रस्ट या भाषेलाही तिचा उपयोग होतो. सीसीकॅशमध्ये २०२१ पासून दूरच्या साठ्याची सोय झाली आहे. नोकरदारांच्या मोठ्या चमूत सकाळी एका संगणकाने संपूर्ण बांधणी करावी आणि इतरांनी दिवसभर त्या साठ्यातून उचल करावी, अशी व्यवस्था आता अनेक ठिकाणी असते.

सामायिक साठ्यात विश्वासाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. साठ्यातून आलेली ऑब्जेक्ट फाइल योग्य आहे की नाही, हे ती घेणारा तपासत नाही. तपासू लागला तर वेळ वाचणारच नाही. कोणी जाणूनबुजून एखाद्या ठशाखाली दूषित फाइल ठेवली, तर ती सर्वांच्या प्रणालीत शिरेल. म्हणून साठ्यातून वाचण्याची मुभा सर्वांना असली, तरी त्यात लिहिण्याचा अधिकार मोजक्या, विश्वासू संगणकांनाच द्यावा, हा नियम पाळला जातो. सार्वजनिक विहिरीवर पाणी सर्वांनी भरावे, पण तिच्यात काय पडते यावर गावाचे लक्ष असावे, तसेच हे आहे.

वापरताना ध्यानात ठेवण्याजोगे

लिनक्सच्या बहुतेक संचांत सीसीकॅश सहज बसवता येते. ती वापरण्याचे दोन मार्ग आहेत. बांधणीच्या आज्ञेत कंपायलरच्या नावाआधी तिचे नाव लिहावे, किंवा कंपायलरच्याच नावाचा एक दुवा करून तो तिच्याकडे वळवावा. दुसऱ्या मार्गाने प्रकल्पाच्या फाइलींत काहीही बदल करावा लागत नाही.

साठ्याला मर्यादा असते. सीसीकॅशची मूळ मर्यादा ५ जीबी आहे. ती ओलांडली जाऊ लागली की दीर्घकाळ न वापरलेल्या नोंदी प्रथम काढून टाकल्या जातात. प्रकल्प मोठा आणि मर्यादा लहान असेल, तर आज ठेवलेली नोंद उद्या उपयोगी पडण्याआधीच निघून जाते आणि कॅश असूनही लाभ होत नाही. म्हणून हिट आणि मिस यांचे प्रमाण दाखवणारी आकडेवारी अधूनमधून पाहावी. ते प्रमाण एकाएकी घसरले तर कोणत्या तरी हेडरमध्ये वेळेची खूण शिरली आहे, मार्ग बदलला आहे किंवा साठा अपुरा पडतो आहे, असे समजावे.

या तंत्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लिंकिंगचा टप्पा सीसीकॅश साठवत नाही. तो दर वेळी नव्याने होतो. ज्याच्या प्रकल्पात हाच टप्पा सर्वाधिक वेळ खातो, त्याला फारसा लाभ होणार नाही. सर्वत्र वापरली जाणारी हेडर फाइल बदलली, तर तीवर अवलंबून असलेल्या सर्व फाइलींचे रूपांतर अटळ असते. एकदाच बांधून सोडून द्यायच्या प्रकल्पाला तर कॅशचा उपयोगच नाही. याउलट वारंवार शाखा बदलणारे, दर बदलानंतर स्वयंचलित चाचणी घेणारे आणि जुन्या, मंद संगणकावर काम करणारे यांना तिचा सर्वाधिक फायदा होतो. शिकणाऱ्या विद्यार्थ्यापाशी सहसा नवा महागडा संगणक नसतो, आणि मोठ्या मुक्त प्रकल्पात हातभार लावू इच्छिणाऱ्याचा उत्साह अनेकदा पहिल्याच तासाभराच्या बांधणीत मावळतो. दुसरी बांधणी दोन मिनिटांत होते, हे कळल्यावर तो टिकून राहण्याची शक्यता वाढते.

विजेचा हिशेबही विसरता येत नाही. स्वयंचलित चाचण्या घेणारे सर्व्हर अहोरात्र रूपांतरे करत असतात आणि त्यांतील मोठा भाग आधी झालेल्या कामाचीच उजळणी असते. जे काम करावेच लागत नाही, त्याला वीजही लागत नाही.

पोफळीच्या पाण्याची उपमा येथे एका ठिकाणी अपुरी पडते. तिसऱ्या टप्प्यातून गेल्यावर ते पाणी वाशिष्ठीला मिळते आणि समुद्राकडे निघून जाते. ऑब्जेक्ट फाइल मात्र कितीही वेळा वापरली तरी झिजत नाही. ती बाद होते ती केवळ तिच्या मुळाशी असलेले काही बदलले म्हणून. तो बदल अचूक ओळखणे हेच या तंत्राचे मर्म आहे. आपल्या प्रकल्पात कॅश वापरू पाहणाऱ्याने म्हणून वेगाचा विचार करण्यापूर्वी एक यादी करावी : आपल्या बांधणीचे उत्तर नेमके कशाकशावर अवलंबून आहे? ही यादी पूर्ण असेल तर साठ्यातील उत्तर आणि नव्याने काढलेले उत्तर यांत काहीच अंतर राहत नाही. ती अपुरी असेल, तर कॅश बसवण्याआधी ती पुरी करणे अधिक हिताचे.